गुरूवर भिरकावलेला दगड

पहाटे चारच्या पुढे कधीतरी माझ्या मामेभावानं गुरू ग्रहाला गोफणीनं दगड मारला. ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली, सोसायटीच्या कट्ट्यावर सांगितली, एकदा लग्नाच्या पंगतीतही सांगितली. दर वेळी हमखास हशा. गुरू तेव्हा आपल्यापासून 80 कोटी किलोमीटरहून लांब होता आणि आमच्या सागरची गोफण फार तर शेजारच्या वस्तीपर्यंत पोचते, एवढं म्हटलं की माणसं डोळे पुसेपर्यंत हसतात. हसू ओसरलं की मी विषय बदलते. दगड वर गेला म्हणजे कुठेतरी खालीही आला असणार. पण तो कुठे आला, हे आजवर मला एकानंही विचारलेलं नाही.

जुलै 2024 मधली रात्र. आषाढी एकादशी आठवड्यावर आलेली, गावातली निम्मी जाणती माणसं दिंडीबरोबर पंढरीच्या वाटेला लागलेली, आणि मागे राहिलेल्या गावाला ड्रोननं झपाटलेलं. पुणे, नगर, बीड, जालना, संभाजीनगर. रोज कुठल्या ना कुठल्या गावावर रात्री दिवे फिरल्याची बातमी यायची. मामाचं गाव शिरूर तालुक्यातलं. उसाचा पट्टा, उसात बिबट्या, त्यामुळे अंधाराची धास्ती तिथे नवी नाही. पण बिबट्याचा माग सापडतो, तो आला की कुत्री आधी ओरडतात, गाय दावं ओढते. हे नवं जनावर वरच्या वर बघून जात होतं. "आधी ड्रोन घर हेरून जातंय, मग तिसऱ्या दिशी चोर येत्यात," मामीनं चहाचा कप हातात देताना सांगितलं, पंचांगातली तिथी सांगावी तसं. कुणी म्हणे त्यातून गुंगीचा फवारा मारतात. कुणी म्हणे सरकारच गुपचूप मोजणी करतंय. एकानं तर प्रकरण थेट चीनपर्यंत नेलं. वस्तीवार गस्तीच्या पाळ्या लागल्या होत्या. वरून दिसू नये म्हणून अंगणातले दिवे मालवायचे असं ठरलं होतं, आणि ज्या घरात वारीमुळे गडीमाणूस नव्हता तिथल्या बायका लेकरांना घेऊन शेजारच्या स्लॅबवर झोपायला जात होत्या.

मी त्या रात्री मामीशेजारी गोधडीत होते. पावसानं ओढ दिलेली, ढग मात्र रात्रभर पळत होते. गोठ्यातून शेणाचा आणि कडब्याच्या कुट्टीचा वास येत होता. चारच्या पुढे खालून शिट्टी वाजली. सागर आणि त्याचे तीन-चार मित्र अंगणात माना वर करून उभे. पूर्वेला, उसाच्या शेंड्यांच्या वर, एक पिवळसर पांढरा दिवा. "सरकतंय बग... थांबलं... परत सरकलं." मीही पाहिलं, आणि खरं सांगते, तो सरकत होता. ढग पळायला लागले की फटीतली चांदणी उलट्या दिशेनं पळते, हे लहानपणी चंद्राकडे बघून सगळ्यांना कळलेलं असतं. पहाटे चारला, पोटात भीती असताना ते आठवत नाही. शिवाय अंधारात एकट्याच दिव्याकडे टक लावली की तो आपोआप डुलायला लागतो, कारण नजरेला टेकायला शेजारी काहीच नसतं. मी फोन काढला, आकाशाचं ॲप उघडलं आणि फोन उसाकडे धरला. गुरू. शेजारी रोहिणी, वर मंगळ आणि कृत्तिकांचा पुंजका. अर्ध्या मिनिटाचं काम. मी फोन मामीला दाखवला, आम्ही दोघी तोंडावर पदर आणि ओढणी दाबून खुसखुसलो, आणि मग मी ॲप बंद करून कॅमेरा सुरू केला. खाली सागरनं ज्वारीच्या राखणीची आजोबांची गोफण काढली, दगड घातला, डोक्यावरून तीन फेरे दिले आणि सोडला.

व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे.

ह्याच घराच्या जुन्या माळवदावर उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीनं मला आकाश दाखवलं होतं. तिच्या आकाशात पुस्तकातलं नाव क्वचितच यायचं. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज, आणि बाजेच्या मागे लागलेले तीन चोर. म्हातारीचा डोळा लागला की चोर बाज पळवणार, म्हणून म्हातारी जन्मभर जागी. मृगाच्या पोटातल्या तीन चांदण्या म्हणजे तिकांडं. पहाटेची शुक्राची चांदणी उगवली की आजी उठायची, चूल सारवायची, जात्यावर बसायची. ढगाळ दिवसांत ती उगाच दोनदा-तीनदा उठून बाहेर डोकावून यायची, घड्याळ बंद पडल्यासारखी बेचैन. आता विचार केला की गंमत वाटते, चोर तिच्याही आकाशात होतेच की. फक्त ते ठरल्या वाटेनं वर यायचे आणि ठरल्या वाटेनं उतरायचे. आम्ही मधल्या काळात वर बघणंच सोडून दिलं. मग कधी भीतीपोटी एकदम मान वर केली, तर तिथे सगळेच अनोळखी. हे काही शिरूरपुरतं नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत न्यू जर्सीकडे ड्रोनची अशीच साथ आली होती. तेव्हा मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी आपल्या घरावर डझनावारी ड्रोन फिरताहेत म्हणून व्हिडिओ टाकला. त्यात मृग नक्षत्र होतं, तिकांड्यासकट. आजी त्याला लेकरा म्हणून हाक मारून, हनुवटी धरून, एकेक चांदणी दाखवत बसली असती.

मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. नोकरीतली काही वर्षं लडाखात काढली. तिथल्या थंडीबद्दल तो बोलत नाही, ऐकणाऱ्याला खोटं वाटतं म्हणतो. चांदण्यांबद्दल बोलतो. "तिथं चांदणी मिचकत न्हाय. डोंगराच्या धारंवर कुनी कंदील ठिवल्यागत बसती. हात फुडं केला तर ऊब लागंल असं वाटतं." हवा विरळ, कोरडी, धूळ नाही, जे इथे मिणमिणतं ते तिथे रोखून बघतं. मामा घरी परतल्यावर बऱ्याच वर्षांनी, त्याच लडाखात, सीमेवरच्या एका सरोवराच्या दिशेनं येणाऱ्या दिव्यांनी जवानांना बेजार केलं. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 ह्या काळात 329 नोंदी झाल्या. त्यांतल्या 155 वेळा दिवा ताबारेषा ओलांडून आत आला असं लिहिलं गेलं. एक दिसे संध्याकाळी सहाच्या सुमाराला, दुसरा पहाटे चारच्या. चिनी ड्रोन, दुसरं काय असणार! शेवटी लष्करानं बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं. त्यांनी दिवे ताऱ्यांच्या मानानं कसे सरकतात ते ताडून पाहिलं आणि सांगितलं, हा शुक्र आणि हा गुरू. 2013 च्या जुलैत ती बातमी आली तेव्हा मी ती ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवली होती. शुक्र आणि गुरूनं मिळून 155 वेळा घुसखोरी केली! आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. हसवायची मला जुनीच खोड आहे.

त्या पहाटेनंतर पुण्याला आल्यावर ती जुनी बातमी मी पुन्हा शोधून वाचली, आणि ह्या वेळी दोन गोष्टी टोचल्या. त्या नोंदी संपून दोनच महिने झाले होते, तेव्हा एप्रिल 2013 मध्ये, त्याच लडाखात देपसांगला चिनी सैनिकांनी खरोखर आत येऊन तंबू ठोकले आणि तीन आठवडे हलले नाहीत. म्हणजे ज्या अंधाराकडे ती पोरं डोळे ताणून बघत होती, तो अंधार काही रिकामा नव्हता. आणि दुसरं म्हणजे, एवढ्या सगळ्या काळात कुणी त्या दिव्यावर गोळी झाडल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. लिहीत राहिले. बोटं बधिर होणाऱ्या थंडीत, वेळ, दिशा, कुठल्या डोंगराच्या वर, किती वेळ. महिनोन्‌महिन्यांचं ते कंटाळवाणं लिखाण होतं म्हणून तर बेंगळुरूच्या माणसांना उत्तर काढता आलं. माझ्याकडे अकरा सेकंद आहेत, आणि त्यात कॅमेरा हसण्यानं हलतोय.

अजून एक. गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे बारा वर्षं लागतात; आपल्याला हे नाशिकच्या सिंहस्थामुळे खगोलशास्त्र न शिकताही माहीत असतं. 2012 च्या हिवाळ्यात गुरू वृषभ राशीत रोहिणीजवळ होता. 2024 च्या जुलैत सागरनं दगड मारला तेव्हाही तो वृषभेत, रोहिणीच्याच शेजारी. एक तप उलटून तोच आरोपी त्याच जागी परत आला होता.

नोंद करत बसणं प्रत्येकाला परवडतं असं नाही. 1942 च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसला परवडलं नाही. पर्ल हार्बर होऊन अडीच महिने झालेले, आणि 23 तारखेला तर जपानी पाणबुडीनं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तेलक्षेत्रावर गोळे टाकलेले. पुढच्या रात्री भोंगे वाजले, शहर अंधारात बुडालं आणि पहाटे तोफांनी आकाशात 1,400 वर गोळे डागले. गोळा फुटला की धुराचा पुंजका होई, त्यावर सर्चलाइट पडला की तो विमानासारखा दिसे, आणि मग त्या विमानावर पुढचा गोळा. सकाळी एकही शत्रूचं विमान पडलेलं नव्हतं. पडले होते ते आपल्याच गोळ्यांचे तुकडे, लोकांच्या छपरांवर आणि मोटारींवर. काळोखातल्या अपघातांनी आणि हृदयविकारानं पाच माणसं गेली. अमेरिकन हवाईदलाच्या इतिहासकारांनी 1983 मध्ये ह्या सगळ्याचा ठपका युद्धाच्या तणावावर आणि एका भरकटलेल्या हवामानाच्या फुग्यावर ठेवला. हे वाचताना मला आमच्या गावचे मालवलेले दिवे आठवले. काळोख केला की वरचं जास्त दिसायला लागतं, आणि जास्त दिसलं की आणखी काळोख करावासा वाटतो.

यंत्रांनाही असंच होतं. ग्रीनलंडमधल्या थुले इथं अमेरिकेनं रशियन क्षेपणास्त्रांची चाहूल घेणारं नवंकोरं रडार बसवलं होतं. 5 ऑक्टोबर 1960 ला त्यानं सांगितलं, आले. मोठ्या संख्येनं, क्षितिजावरून वर येताहेत. नॉर्वेच्या बाजूनं चंद्र उगवत होता. आपल्याकडे कोजागरी नुकतीच होऊन गेली होती, माळवदांवर दूध आटवून झालं होतं, आणि तिकडे तोच चंद्र अणुयुद्ध म्हणून मोजला जात होता. रडारनं पाठवलेल्या लहरी चंद्रावर आपटून परत येतील, हे बांधणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिथे जग वाचलं त्याचं एक कारण फार घरगुती आहे. कुणीतरी विचारलं, ख्रुश्चेव्ह कुठे आहे? तो न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या सभेला आलेला होता. आपला पुढारी तिथे असताना रशिया क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? एक साधा, शेजाऱ्यानं विचारावा तसा प्रश्न.

2023 च्या फेब्रुवारीत मात्र प्रश्नाआधी क्षेपणास्त्र सुटलं. चीनचा तो मोठा फुगा अमेरिकेनं 4 तारखेला समुद्रावर पाडला, आणि मग 10, 11, 12 असे लागोपाठ तीन दिवस आणखी तीन वस्तू: अलास्काजवळ, कॅनडाच्या युकॉनमध्ये, ह्युरॉन सरोवरावर. ह्युरॉनवर पहिला नेम तर चुकलाच. एका क्षेपणास्त्राची किंमत 4 लाख डॉलरच्या वर. चारच दिवसांनी बायडन यांनी सांगितलं की हे तीन बहुधा खासगी कंपन्यांचे, हौशी लोकांचे किंवा संशोधकांचे फुगे असावेत. इलिनॉयमधल्या फुगे उडवणाऱ्या एका हौशी मंडळाचा चिमुकला फुगा त्याच सुमाराला अलास्काजवळून बेपत्ता झाला होता. पाडलेला तोच होता असं कुणी छातीवर हात ठेवून म्हटलेलं नाही, पण त्या मंडळींच्या घरी त्या आठवड्यात काय बोलणं झालं असेल हे ऐकायला मला आवडलं असतं. ह्यातला खरा मुद्दा वेगळाच आहे. चीनच्या फुग्यानंतर रडारची चाळण बारीक केली गेली. आधी हळू चालणारं, लहानसहान काही रडार गाळून टाकत होतं. आता ते दिसायला लागलं. आकाशातली गर्दी होती तेवढीच होती.

आपलंही झालंय. 26 जानेवारी 2016 ला राजस्थानात रडारवर काहीतरी तरंगताना दिसलं आणि सुखोई-30 नं ते पाडलं. फुगा. त्यावर 'हॅपी बर्थडे' लिहिलेलं होतं असं तेव्हा छापून आलं होतं. तो पाकिस्तानातून आला होता असं तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सांगितलं. फुगा सीमेपलीकडून, दिवस प्रजासत्ताकाचा. वैमानिकानं काय करायचं? सोडून द्यायचं? 19 नोव्हेंबर 2023 ला इंफाळ विमानतळावर दुपारी अडीचच्या सुमाराला काहीतरी दिसलं. तो विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा रविवार, सगळा देश अहमदाबादकडे डोळे लावून बसलेला. विमानतळाचं आकाश बंद, विमानं वळवली, राफेल उडाली. हवाईदलानं कळवलं की ती लहानशी वस्तू नंतर दिसली नाही. मला ते वाक्य आवडलं होतं. त्यात फुशारकीही नव्हती आणि लाजही.

मामाशी ह्यावर माझा फोनवर वाद झाला. मी म्हटलं, दर वेळी फुगा नाहीतर ग्रह निघतो, तरी आपली विमानं धावतात. मामा शांतपणे म्हणाला, "आनि न्हाय धावली तर?" मग त्यानं पुरुलिया काढलं. 17 डिसेंबर 1995 ची रात्र, बंगालातल्या खेड्यांवर परदेशी विमानातून शेकडो एके-47 छत्र्यांनी खाली आल्या आणि विमान निघून गेलं. "तवा कुनी वर बगितलं?" मग जम्मू. 27 जून 2021, हवाईदलाच्या तळावर दोन स्फोट, ड्रोनमधून टाकलेले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उगाच गुढीपाडवा पुढे केला. 2022 च्या पाडव्याला संध्याकाळी विदर्भात आकाशातून पेटते गोळे गेले, लोकांना उल्का वाटली, विमान वाटलं, आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. चिनी रॉकेटचा तुकडा. "म्हंजे खरंच चिनी व्हतं," मामा म्हणाला, आणि हसला. माझा दाखला माझ्यावरच उलटला. सगळंच गुरू नसतं.

तर, दगड.

दगड पलीकडच्या वस्तीवर, गोठ्याच्या पत्र्यावर पडला. पहाटेच्या शांततेत पत्र्यावरचा दगड म्हणजे बंदुकीचा बार. लागलीच ओरडा झाला, "आले, आले, पत्र्यावर उतरले!" तिकडची गस्त काठ्या घेऊन बाहेर पडली आणि तिला उसाच्या बांधावर एक बॅटरी हलताना दिसली. ते नाना होते. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणून ते मोटर चालू करायला निघाले होते. एरवी नाना बिबट्याला चाहूल लागावी म्हणून मोबाईलवर मोठ्यानं भारूड लावून जातात. त्या रात्री वरच्याला चाहूल लागू नये म्हणून मुकाट चालले होते, कानाला मफलर गुंडाळून. त्यांच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत दोन काठ्या बसल्या, एक पाठीवर आणि एक उजव्या मनगटावर. तिसरी उगारणारा त्यांचा पुतण्याच होता. त्यानं खोकण्यावरून ओळखलं. मनगटाचं हाड मोडलं, गोकुळअष्टमीपर्यंत हात गळ्यात. हे सगळं मी स्लॅबवरून ऐकलं. आधी पत्र्याचा आवाज, मग ओरडा, मग एक वेगळंच, म्हाताऱ्या माणसाचं "अगं आई गं". व्हिडिओत ते नाही. व्हिडिओ दगड सुटल्यावर आमच्या खिदळण्यापाशी संपतो.

सकाळी मामा ओट्यावर दात घासत बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू वळखलं व्हतं म्हनं."

"हो."

"कवा?"

"दगड मारायच्या आधी."

त्यानं चूळ भरली, सावकाश थुंकली, तांब्या उपडा केला. "मग वरडायचं व्हतं की, पोरी." सागरला तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं होतं, निदान त्याला तरी शिव्या घालील. मी तसं म्हटलंही. तेव्हा तो पहाऱ्याचं सांगायला लागला. रात्री समोर काही हललं की संतरीनं पहिल्यांदा ओरडायचं असतं, "थम! कौन आता है?" उत्तर आलं की पुढे बोलवायचं, ओळख घ्यायची. नाही आलं तर पुन्हा ओरडायचं. मग पुन्हा. हे त्यानं इतक्या वेळा केलंय की एकदा निवृत्तीनंतर, मामी रात्री पाणी प्यायला उठली तर तो झोपेत ओरडला होता. "जनावर बोलत न्हाय, वारा बोलत न्हाय, चांदनी बोलत न्हाय. म्हनून तर इचारायचं. आपला मानूस आसंल तर बोलंल, त्येच्यासाठी." मग थोडं थांबून, "सागऱ्या काय, दोन रात्री जागलेलं पोर. तुला म्हाईत व्हतं."

मी तेव्हा मनात पुष्कळ बचाव केला. मी पाहुणी, मी बाईमाणूस, पहाटे चारला स्लॅबवरून "अरे, तो गुरू आहे" असं ओरडले असते तर पोरांनी ऐकलं असतं का? एक तर हसली असती. पण हसण्यात दोन मिनिटं गेली असती, कदाचित कुणी फोन बघायला वर आलं असतं, आणि नाना मोटारीपर्यंत पोचले असते. दुसरंही एक कारण आहे आणि ते सांगायला जड जातं. मला ते बघायचं होतं. शहाण्या माणसाला दुसऱ्याचा वेडेपणा पूर्ण होताना बघायला जे सुख होतं, ते मला त्या अकरा सेकंदांत झालं. लडाखच्या बातमीवर हसतानाही तेच झालं असणार. ती माणसं तिथे उभी होती म्हणून मी इथे पंख्याखाली बसून त्यांना हसू शकत होते, ही गोष्ट तेव्हा डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

दिवाळीत पुन्हा गेले. ड्रोनचा विषय तोवर विरून गेला होता, काही खुलासा वगैरे न होता, ताप उतरतो तसा. कपाशीला आणि निवडणुकीला लोक लागले होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पोरांनी कागदाचे उडते कंदील सोडले, मेणाच्या वड्या पेटवून, आणि ते डुलत डुलत उसावरून गेले. कुणी गोफण शोधली नाही. फटाक्यांचा धूर खाली बसल्यावर मी आणि मामी वर गेलो. दहा वाजून गेले होते. गुरू पूर्वेला वर आला होता, जुलैपेक्षा चांगलाच तेजस्वी, जवळच रोहिणी. मी मामीला म्हटलं, तो बघ आपला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई." फोन मी खालीच ठेवून आले होते.

थोड्या वेळानं पलीकडच्या बांधावर एक बॅटरी हलली. लाईट परत रात्रीची आली असावी. ओट्यावर मामा होता, अंगणात सागर चाळीतले दिवे मोजत होता, कुणीच काही विचारलं नव्हतं, आणि बांधावरून आवाज आला, "मी हाय रं! नाना! मोटारीवर चाललोय!" थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "मी हाय, नाना!" मामी म्हणाली, तेव्हापासून असंच चाललंय, प्रत्येक वस्तीपाशी आल्यावर ओरडतात, बिबट्यासाठी भारूड वेगळं. "कळलं, जावा," सागर खालून म्हणाला, मान वर न करता. नाना पत्र्याच्या गोठ्याजवळून वळले तेव्हा क्षणभर उजेडात आले. बॅटरी डाव्या हातात होती.